वर्षाला १५ डॉलर : नगरचा दुष्काळ आणि साता समुद्रापलीकडचे पालक

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

मार्च २०१७ मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेने भारतातलं काम गुंडाळलं. ४८ वर्षं चाललेलं काम. दीड लाखाच्या आसपास मुलं त्या यादीत होती. प्रत्येक मुलामागे परदेशात एक माणूस किंवा एक कुटुंब, महिन्याला ३८ डॉलर पाठवणारं. गृहमंत्रालयाने आदल्या वर्षी संस्थेला ‘पूर्वपरवानगी’च्या यादीत टाकलं होतं, म्हणजे परवानगीशिवाय पैसा आत येणार नाही. आरोप असा की नोंदणी नसलेल्या संस्थांना पैसा दिला जातो आणि धर्मांतराला हातभार लावला जातो. संस्थेने आरोप नाकारले. पैसा आला नाही आणि केंद्रं बंद पडली.

तेव्हा आणि पुढे जानेवारी २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडियाची परदेशी निधीची नोंदणी रद्द झाली तेव्हाही, सोशल मीडियावर दोनच प्रकारच्या पोस्टी दिसल्या. एका बाजूला ‘बरं झालं, दुकान बंद झालं’. दुसऱ्या बाजूला ‘गरिबांच्या तोंडचा घास काढला’. दोन्हीकडची मंडळी असं बोलत होती की ही भानगड दहा-वीस वर्षांपूर्वी कुठून तरी उगवली. खरं तर ही गोष्ट दोनशे वर्षांची आहे आणि तिचा एक मोठा धागा थेट आपल्या नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर म्हणायचं), केडगाव-दौंडच्या रेल्वेलाइनवरून जातो. म्हणून हा खटाटोप.

■ नाव तुमचं, पोर आमचं

अमेरिकन बोर्ड नावाची बॉस्टनची मिशनरी संस्था. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. इथेच पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८३१ मध्ये ते नगरला आलं. सावित्रीबाई फुल्यांनी ज्या सिंथिया फॅरारबाईंच्या संस्थेत शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं, त्या बाई याच मिशनच्या.

याच बोर्डाचं दुसरं ठाणं श्रीलंकेत जाफन्याला. तिथल्या वसतिगृहाच्या शाळांसाठी बोर्डाने एक युक्ती काढली. अमेरिकेतल्या एखाद्या माणसाने किंवा महिला मंडळाने वर्षाला ठरावीक डॉलर द्यायचे, त्यातून एका तमिळ मुलाचं जेवणखाण आणि शिक्षण व्हायचं. बदल्यात देणाऱ्याला काय? त्या मुलाला नाव द्यायचा हक्क. आपल्या पाद्र्याचं, आपल्या मेलेल्या पोराचं, आपल्याला आदर वाटतो त्या माणसाचं नाव. म्हणून जाफन्याच्या इतिहासात नेव्हिन्स चिदंबरपिळ्ळै, आर्नॉल्ड सदाशिवपिळ्ळै अशी जोडनावं भेटतात. मद्रास विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक होते कॅरल विश्वनाथपिळ्ळै. विश्वनाथ घरचं. कॅरल अमेरिकेचं.

यात दोन्ही गोष्टी एकदम दिसतात बघा. त्या पैशाने मुलगा खरंच शिकला, विद्वान झाला, तमिळ भाषेची सेवा केली. आणि त्याच पैशाने त्याच्या नावावर दुसऱ्याचा शिक्का बसला. पुढच्या दोनशे वर्षांत रक्कम बदलली, टपालाची पद्धत बदलली. हा पेच तसाच राहिला.

■ छप्पनिया

१८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यावर प्लेग. लोक जरा सावरतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ. गुजरात-राजस्थानात त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६. दख्खनही त्यातून सुटलं नाही. आईबाप खडी फोडायच्या दुष्काळी कामांवर जायचे, कॉलऱ्यात जायचे, आणि पोरं रस्त्यावर उरायची.

या वेळी न्यूयॉर्कमधून ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नावाचं साप्ताहिक निघत होतं. लुई क्लॉप्श त्याचा मालक. छापखान्यात फोटो छापायचं तंत्र तेव्हा नुकतंच स्वस्त झालेलं. क्लॉप्शने हाडांचे सापळे झालेल्या भारतीय मुलांचे फोटो आठवड्यामागून आठवडे छापले आणि वाचकांकडे पैसे मागितले. मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाचं जहाज अमेरिकेतून मका भरून मुंबईकडे निघालं. क्लॉप्श स्वतः दुष्काळी भाग बघायला भारतात आला.

मका संपतो. अनाथ पोर मात्र मोठं होईपर्यंत खातं. म्हणून पुढची हाक आली : वर्षाला १५ डॉलर द्या, एक अनाथ सांभाळा. सुमारे ५ हजार मुलं या रीतीने अमेरिकन वाचकांनी वाटून घेतली.

आता हिशोब करा. तेव्हा एका पौंडाला १५ रुपये असा दर पक्का झाला होता. १५ डॉलर म्हणजे साधारण ४६ रुपये. वर्षाला ४६ रुपये म्हणजे रोजचे दोन आणे. दोन आण्यांत एका पोराचं खाणं, कपडा आणि शिक्षण. ओहायोतल्या एखाद्या शेतकऱ्याला ही रक्कम जड नव्हती आणि इथल्या पोराच्या दृष्टीने ती जगणं-मरणं ठरवणारी होती. अख्ख्या स्पॉन्सरशिपचं अर्थकारण आजही या दोन आण्यांवर उभं आहे. दोन देशांतल्या महागाईतलं अंतर म्हणजे त्याचं भांडवल.

नगरला रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मिशनरी या मदतीच्या वाटपात पुढे होते. मुंबईत जन्मलेला माणूस, मराठी चांगली येणारा. सरकारने त्यांना दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ए-हिंद पदक दिलं. नगरच्या अनाथालयांतून मुलांना नुसतं बसवून खाऊ घातलं नाही, हाताला काम शिकवलं : सुतारी, धातूकाम, विणकाम. आज नगरमधल्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या वयस्कर माणसांना विचारा. ‘आमचे पणजोबा दुष्काळातले’ हे वाक्य त्यांच्याकडून सहज ऐकायला मिळेल. त्या एका शब्दात कूळ, गाव, जात, सगळं पुसून गेलेलं असतं. ‘दुष्काळातले’ हीच ओळख.

■ केडगाव

आणि पंडिता रमाबाई. यांच्या नावाशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

रमाबाई अमेरिकेत गेल्या, तिथे भाषणं केली आणि १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढे पुण्याला हललं. अट अशी होती की धर्मशिक्षण द्यायचं नाही. १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारकसुद्धा बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. छप्पनियात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या जवळ गेला. जवळच दौंडला अल्बर्ट नॉर्टन यांचं मुलांसाठी अनाथालय होतं. केडगावला छापखाना होता, शेती होती, विणकाम होतं. टाकून दिलेल्या बायका तिथे खिळे जुळवत होत्या, पुस्तकं छापत होत्या. पैसा मुख्यतः अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ख्रिस्ती लोकांचा.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. १८९३ चा आक्षेप खोटा होता का? नाही. ज्यांनी पोटची पोर विश्वासाने ठेवली, त्यांना तिथे काय शिकवतात हे कळायचा हक्क होता. पण १८९७ साली मध्य प्रांतातल्या रस्त्यावरून त्या मुलींना उचलायला आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण गेले? हा प्रश्नही तितकाच खरा. दोन्ही प्रश्न एकाच वेळी हातात धरता आले पाहिजेत. एक सोडून दुसरा धरला की इतिहास राहत नाही, प्रचार होतो.

■ आपल्याकडे हे नव्हतंच का?

होतं की. वार लावून जेवणं म्हणजे दुसरं काय होतं? सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. सात घरं मिळून एक विद्यार्थी जगवायची. माधुकरीवर शिकून किती तरी मोठी माणसं झाली. इथे दाता समोर होता, फोटोची गरज नव्हती. पण पंगतीला कोण बसणार हे जात ठरवायची. महाराच्या, मांगाच्या पोराला वार लावून जेवायला कोण बोलावत होतं? मिशनची १५ डॉलरची थाळी तिथे पोचली जिथे आपला वार पोचत नव्हता. हे मान्य करायला जड जातं, पण करावं लागतं.

मिशनच्या कामाचा धक्का बसल्यावर आपल्याकडेही हालचाल झाली, हेही तितकंच खरं. पंजाबात लाला लजपतराय आणि आर्य समाजाने १८९७ पासून हिंदू अनाथ मुलांना मदत करायची चळवळ उभारली. पोरं मिशनच्या हाती जाऊ नयेत हा उघड हेतू होता, पण पोरं जगली. महाराष्ट्रात पंढरपूरला प्रार्थना समाजाचं अनाथालय १८७५ पासून होतं. १८९६ मध्ये कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, मूठमूठ धान्य गोळा करून मुलं शिकवली आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत त्यांना ओशाळं होऊ दिलं नाही.

आणि एक स्पॉन्सरशिप तर सगळ्यांना पाठ आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. एका माणसावर नीट खर्च केलेला पैसा काय करू शकतो याचा याहून मोठा दाखला जगात शोधून सापडणार नाही.

■ फोटो, पत्र आणि दरमहा हप्ता

आजची पद्धत मात्र विसाव्या शतकातल्या युद्धांतून पक्की झाली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांसाठी जॉन लँग्डन-डेव्हिस यांनी ‘फॉस्टर पेरेंट्स प्लॅन’ काढला. तो धार्मिक नव्हता. १९३८ मध्ये अमेरिकेत कॅल्विट क्लार्क या पाद्र्याने जपानी हल्ल्यात होरपळलेल्या चिनी मुलांसाठी ‘चायनाज चिल्ड्रन फंड’ काढला. त्याचीच पुढे ‘ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड’ आणि मग ‘चाइल्डफंड’ अशी नावं झाली.

१९४७ मध्ये बॉब पिअर्स हा तरुण प्रचारक चीनमध्ये गेला. टेना होल्केबूर नावाच्या मिशनरी शिक्षिकेने एक मार खाल्लेली, घराबाहेर काढलेली मुलगी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, आता हिचं काय करणार? त्याने खिशातले होते नव्हते ते पाच डॉलर दिले आणि दर महिन्याला पाठवायचं कबूल केलं. १९५० मध्ये वर्ल्ड व्हिजन उभी राहिली. १९५२ मध्ये एव्हरेट स्वॉन्सन हा पाद्री कोरियात सैनिकांना प्रवचनं द्यायला गेला होता, तिथे थंडीने मेलेली अनाथ पोरं कचऱ्यासारखी ट्रकमध्ये टाकताना त्याने पाहिली. त्यातून कम्पॅशन उभी राहिली.

पद्धत अशी की देणाऱ्याला मुलाचा फोटो, नाव, वाढदिवस मिळतो. मूल वर्षातून काही पत्रं लिहितं. कार्यकर्ता ती इंग्रजीत करतो, काही आठवड्यांनी उत्तर येतं. ‘अमेरिकेत माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे कुत्रा आहे.’ बदल्यात शाळेची फी, दप्तर, औषध, शनिवारी-रविवारी केंद्रात जेवण. आणि बहुतेक ठिकाणी गाणी, प्रार्थना, बायबलच्या गोष्टी. कम्पॅशनने हे कधी लपवलं नाही, तिचं काम चर्चमार्फतच चालतं. वर्ल्ड व्हिजन हळूहळू एकेका मुलाऐवजी अख्ख्या गावाच्या विकासाकडे वळली, तिथे फोटो एकाचा आणि पैसा विहिरीला.

पत्राची ही गाडी किती पोकळ असू शकते ते १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने दाखवलं. त्यांच्या पत्रकारांनी चार मोठ्या संस्थांमधून मुलं स्पॉन्सर केली आणि मग प्रत्यक्ष जाऊन शोधली. माली देशातली एक मुलगी वीज पडून मेली होती आणि तरी तिच्या नावाने पैसे घेणं आणि खुशाली कळवणं चालूच होतं. काही मुलांना जवळपास काहीच मिळालं नव्हतं. मोठी नाचक्की झाली, संस्थांना तपासणीची पद्धत सुधारावी लागली.

मग सगळं थोतांडच का? तर तसंही नाही. २०१३ मध्ये ब्रूस विडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास एका नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकात आला. विषय कम्पॅशनचीच मुलं, आता मोठी झालेली. सहा देश आणि त्यात भारतही. १० हजारांहून जास्त लोकांची माहिती. ज्यांना स्पॉन्सरशिप मिळाली आणि त्यांचीच जी भावंडं, शेजारी वयामुळे बाहेर राहिली, त्यांची तुलना केली. स्पॉन्सर झालेली मुलं शाळेत सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याचं प्रमाण १२ ते १८ टक्क्यांच्या अंकांनी वाढलं. मोठेपणी पगारी नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. आपल्याकडच्या कितीतरी सरकारी योजनांच्या हिशोबाने हा निकाल मोठाच म्हणायचा.

■ कोरियाने काय केलं

आता कोरियाकडे परत या, कारण खरा धडा तिथे आहे. ज्या कोरियातल्या ट्रकने ही संस्था जन्माला घातली, त्या देशातलं मुलांचं काम कम्पॅशनने १९९३ मध्ये थांबवलं. गरज उरली नाही. आणि २००३ पासून दक्षिण कोरिया देणाऱ्या देशांच्या रांगेत बसला. ज्यांचे फोटो शिकागोच्या भिंतींवर लागले होते, ते आता दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो घरात लावतात.

कोरियाला कोणी हाकलायला लागलं नाही. त्यांनी आधी स्वतःच्या पोरांची सोय केली आणि मग पाहुणे आपोआप निघाले. आपण उलटं केलं. आधी पाहुण्याला बाहेर काढलं आणि पोराच्या ताटात काय वाढायचं हे नंतर बघू म्हटलं. २०१७ ला ज्या दीड लाख मुलांची नावं यादीतून गेली, त्यातलं एकेक मूल शाळेत राहिलं की नाही हे बघायची जबाबदारी कोणाच्याच अंगावर पडली नाही.

सरकारला परदेशी पैशावर लक्ष ठेवायचा हक्क आहे का? आहे. १९७६ मध्ये आणीबाणीत पहिला कायदा आला, २०१० ला नवा, २०२० ला तो आणखी कडक झाला. गरिबाच्या पोराला भाकरीच्या बदल्यात श्रद्धा विकावी लागू नये, हे कोणत्याही धर्माच्या माणसाला पटावं. पण ज्या दिवशी नळ बंद करता, त्या दिवशी दुसरा नळ चालू असला पाहिजे. नाहीतर तुम्ही मिशनरीला शिक्षा देत नाही, तिसरीतल्या पोरीला देता.

■ मग आपण काय करायचं

आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुल्यांच्याच नावाची. आईबाप गमावलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलांना पात्रतेनुसार महिन्याला २,२५० रुपये मिळतात. कोरोनात वडील गेलेली मुलं आपल्या प्रत्येक गावात आहेत. उसाच्या फडावर गेलेल्यांची पोरं आहेत. विहिरीजवळ फास घेतलेल्या शेतकऱ्यांची आहेत. आपल्या गल्लीतल्या किती विधवा बायकांना या योजनेचं नाव माहीत आहे? किती जणींना फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, आधार-बँक जोडणी या चक्रातून कोणी हात धरून नेलं?

मिशनच्या संस्थांची ताकद पैशात जितकी होती त्याहून जास्त एका गोष्टीत होती. त्यांच्याकडे प्रत्येक मुलाचं नाव लिहिलेलं असायचं आणि दर महिन्याला कोणीतरी जाऊन ते मूल आहे ना, शाळेत जातंय ना, हे बघायचं. निदान नीट चालणाऱ्या संस्थांत तरी. आपल्या योजनांत पैसा आहे, पण ते बघणारं माणूस नाही.

त्या कामाला डॉलर लागत नाहीत आणि दिल्लीची परवानगीही लागत नाही. गणपती मंडळाला, तालमीला, मशिदीच्या कमिटीला, चर्चच्या तरुण संघाला, बुद्धविहाराला, महिला बचत गटाला करता येईल असं आहे. वॉर्डात अशी मुलं किती, याची एक वही करा. प्रत्येक नावासमोर एका मोठ्या माणसाचं नाव लिहा. तो माणूस महिन्यातून एकदा घरी जाईल, शाळेत जाईल, योजनेचा पैसा आला का विचारेल. एवढंच. आणि तीन नियम पाळा : मुलाचा रडका फोटो कुठे टाकायचा नाही, मदतीच्या बदल्यात त्याला कुठल्याही देवासमोर, नेत्यासमोर किंवा बॅनरसमोर उभं करायचं नाही, आणि सुरू केलं की मूल दहावी होईपर्यंत सोडायचं नाही.

१२५ वर्षांपूर्वी एका परक्या देशातल्या अनोळखी माणसांनी रोजचे दोन आणे देऊन आपल्या जिल्ह्यातली पोरं जगवली. त्यांचा हेतू शंभर टक्के शुद्ध होता असं मी म्हणत नाही. पण ती पोरं जगली, शिकली, आणि त्यांची पणतवंडं आज आपल्या शेजारी राहतात. ज्यांना तो हेतू पटत नाही, त्यांनी चांगल्या हेतूने तेच काम करून दाखवावं. उत्तर देण्याचा तो एकच सभ्य मार्ग आहे.

तुमच्या वॉर्डात, गावात अशी वही कोणी ठेवत असेल तर कॉमेंटमध्ये नक्की सांगा. मुलांची नावं आणि फोटो मात्र टाकू नका.